आजोबांचे ३९ जीबी

मागच्या वर्षी श्रावणात नाशिकहून आतेबहिणीचा फोन आला. "दादा, दिवाळीनंतर आईची पंच्याहत्तरी करतोय. तू आजोबांचं शूटिंग केलं होतंस ना, पानशेतच्या पुराच्या गोष्टीचं? ते पाठव. आणि हो, फुकटात व्हिडिओ एडिट करायला काय वापरू? तू कॉम्प्युटरवाला, तुला माहीत असेल."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पहिला ऐकून मात्र पोटात गोळा आला.

गोष्ट अशी. २००५ साली मी नुकता नोकरीला लागलो होतो. ऑफिसातल्या मित्राकडे मिनी-डीव्हीचा कॅमेरा होता, तो तीन संध्याकाळी उसना आणला आणि आजोबांना बोलतं केलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आमचं घर तेव्हा नारायण पेठेत. आत्या तेरा वर्षांची होती आणि त्या सकाळी ती घरी नव्हती. आजोबा तिला शोधायला कसे निघाले, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर जवळजवळ चाळीस मिनिटं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पाणी पीत. मी त्यातली तीन मिनिटं ठेवली. तेविशीतल्या माणसाला म्हाताऱ्या माणसाचं थांबणं म्हणजे कचरा वाटतो.

बावीस मिनिटांची फिल्म झाली. सगळ्या नातेवाइकांना सीडी वाटल्या. मूळ टेप मित्राच्या होत्या, त्या त्याला परत केल्या आणि त्यांवर त्याने आपल्या मुलीचं बारसं शूट केलं. त्याची काही चूक नाही. नव्या तीन टेप विकत घ्यायला माझ्याच जिवावर आलं होतं. आजोबा २००८ ला गेले.

म्हणजे ती चाळीस मिनिटं जगात एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती. माळ्यावरच्या खोक्यातली ८० जीबीची जुनी हार्ड डिस्क.

त्या शनिवार-रविवारी ती डिस्क समोर ठेवून बसलो आणि लक्षात आलं की गेल्या अठरा वर्षांत या ३९ जीबींना ज्या ज्या सॉफ्टवेअरने हात लावला, त्यातल्या एकालाही मी एक पैसा दिलेला नव्हता. काहींनी आजोबांना वाचवलं, काहींनी वाऱ्यावर सोडलं. का, ते सांगण्यासाठी हा लेख. थोडा इतिहास उगाळावा लागेल, इलाज नाही.

फुकट, मोफत, मुक्त

इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे, 'फ्री'. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून तो लोकांना समजावतोय की मी किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. आपल्याला हा त्रास नाही. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे आतला कोड बघता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो, आणि करणारा कंटाळला तर दुसरा कोणी चालवू शकतो.

शब्द दोन असूनही आपण फरक मात्र करत नाही. २००५ साली माझ्या मशीनवर चार प्रकारचं फुकट शेजारी शेजारी नांदत होतं. विंडोजबरोबर आलेलं. शंभर रुपयांच्या सीडीवरून आलेलं, ज्याबद्दल न बोललेलं बरं. कुणा एकट्या प्रोग्रामरने हौसेने करून दिलेलं. आणि मुक्त. माझ्या लेखी चौघांची किंमत एकच होती, शून्य. त्यामुळे फरक करायचं कारणच पडलं नाही.

पुसलेलं पुसलं जात नाही

सुरुवात डिस्कपासून करू, कारण तो इतिहास जुना आहे.

१९८२ साली पीटर नॉर्टन नावाच्या प्रोग्रामरकडून एक फाइल चुकून डिलीट झाली. सगळं पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने ती परत आणणारा प्रोग्रामच लिहिला, अनइरेज. तो 'नॉर्टन युटिलिटीज'चा पाया ठरला. हे शक्य झालं कारण डॉसमध्ये फाइल डिलीट केली की खरं म्हणजे काहीच पुसलं जात नसे. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून एक खूण ठेवायची, आणि तिने अडवलेली जागा मोकळी आहे अशी नोंद करायची, बस्स. मजकूर होता तिथेच पडलेला. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो शाबूत. पुढच्या फॅट-३२ मध्येही तत्त्व हेच राहिलं.

मी हे नेहमी सातबाऱ्याच्या भाषेत समजावतो. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन कुठे जात नाही. बांध तिथेच, विहीर तिथेच, ऊसही तिथेच. मात्र त्यावर नांगर फिरायच्या आत पोचायला हवं.

नॉर्टनचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागायचं. १९९० मध्ये त्याने आपली कंपनी सिमँटेकला विकली. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ आलं आणि त्यात अनडिलीट ही आज्ञा आयतीच मिळाली. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये डीफ्रॅगही आलं. हा खेळ पुढे अनेकदा दिसतो. जे विकलं जातंय ते मोठी कंपनी आपल्या सिस्टिमबरोबर फुकट देते. ग्राहक खूश. पण ते द्यायचं की नाही, आणि कधीपर्यंत, हे ठरवणं तिच्याच हातात.

हार्ड डिस्कचे भाग पाडायचे तर त्या काळी 'पार्टिशनमॅजिक'चं नाव घेतलं जायचं. तेही विकतचं. माझ्यासारख्यांकडे ते कसं यायचं ते वर सांगितलंच. त्याच्या कंपनीला २००३ मध्ये सिमँटेकने घेतलं आणि पुढे ते बंदच पडलं. दरम्यान मुक्त बाजूला हळूहळू काम चालू होतं. १९९८ मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए याने 'टेस्टडिस्क' सुरू केलं. हंगेरीच्या एका प्रोग्रामरने विंडोजच्या एनटीएफएस विभागाला डेटा न घालवता लहान करणारा प्रोग्राम लिहिला. २००४ मध्ये 'जीपार्टेड' आलं, जे आजही चालू आहे. ही नावं दुकानात ऐकू यायची नाहीत. ती यायची मासिकाबरोबरच्या सीडीवरून. 'पीसीक्वेस्ट', 'डिजिट' ही मासिकं आम्ही कितपत वाचायचो ते सोडा, सीडीसाठी घ्यायचो.

सन २०००

आता व्हिडिओकडे येऊ. घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग, तेही फुकट, याला मुहूर्त द्यायचा तर सन २००० चा द्यावा लागेल. अॅपलने १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या आयमॅकबरोबर आयमूव्ही दिलं होतं, पण तेव्हा आपल्याकडे मॅक कुणाच्या घरात होता? आपल्यासाठी २००० मध्ये तीन गोष्टी झाल्या.

पहिली, सप्टेंबरात विंडोज मिलेनियमबरोबर 'मूव्ही मेकर' आलं. ते पहिलं बाळ फारच अशक्त होतं. २००२ च्या शेवटी एक्सपीसाठी आलेलं दुसरं व्हर्जन मात्र खरोखर चांगलं निघालं. खाली पट्टी, वर चित्र, तुकडे ओढायचे आणि टाकायचे. आमच्या पिढीत ज्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगची फिल्म केली, त्यातल्या बहुतेकांनी ती यावरच केली असेल. मराठी टायटल द्यायचं तर आधी विंडोजची सीडी घालून भारतीय भाषांच्या फाइली चढवाव्या लागत. नाहीतर 'गोष्टी'तल्या मात्रा भलतीकडे जाऊन बसत.

दुसरी, एव्हरी ली नावाच्या अमेरिकन कॉलेजकुमाराने 'व्हर्च्युअलडब' प्रसिद्ध केलं. हा आकाराने लहान, दिसायला रुक्ष आणि वेगाने भन्नाट प्रोग्राम होता. एडिटर म्हणण्यापेक्षा व्हिडिओचा लेथ म्हणा. यातून चित्राला धक्का न लावता नुसता मधला तुकडा कापून काढता यायचा. लायसन्स जीपीएल, म्हणजे मुक्त. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या पेटंटकडे बोट दाखवून त्यातला एएसएफ फाइली वाचण्याचा भाग काढायला सांगितला. एकटा विद्यार्थी काय करणार, त्याने काढला. मुक्त म्हणजे सगळ्यापासून मुक्त असं नव्हे, हे तेव्हाच दिसलं होतं.

तिसरी गोष्ट त्या वर्षाच्या अखेरीस झाली आणि तिचा गाजावाजा सगळ्यात कमी झाला. फ्रान्समध्ये फाब्रिस बेलार याने टोपणनावाने 'एफएफएमपेग' सुरू केलं. याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, आणि एका प्रकारची व्हिडिओ फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून मिळायची. २००५ मध्ये मला कुणी हे दाखवलं असतं तर मी हसलो असतो.

१९ मिनिटांची भानगड

मिनी-डीव्हीचा हिशोब फार सरळ होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्राला बरोबर १,४४,००० बाइट, आवाजासकट. म्हणजे सेकंदाला ३.६ एमबी, तासाला जवळपास १३ जीबी. तीन तासांचे आजोबा म्हणजे ३९ जीबी. ८० जीबीच्या डिस्कमध्ये निम्मी जागा आजोबांची.

पण एक गोम होती. माझ्या डिस्कवरचा मोठा भाग फॅट-३२ होता. एक तर मशीन जोडून देणाऱ्याने तसाच करून दिला होता. शिवाय लिनक्समधून एनटीएफएसवर निर्धास्तपणे लिहिता यायचं नाही, ती सोय २००७ च्या सुमाराला आली. त्यामुळे दोन्हीकडून वापरायचा विभाग फॅट-३२ ठेवायचा हा आमचा रिवाज. फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. ४ जीबी म्हणजे डीव्हीची १९ मिनिटं आणि काही सेकंद. म्हणजे कॅप्चर करताना आजोबा ऐन रंगात येणार आणि फाइल संपणार! डिस्कची रचना आणि व्हिडिओचा आकार या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे मला त्या रात्री कळलं.

'विनडीव्ही' नावाचा एक चिमुकला फुकट प्रोग्राम मिळाला. तो ठरावीक चित्रांनंतर आपोआप नवी फाइल सुरू करायचा. तीन टेपचे बारा तुकडे झाले. त्यांना मी आजोबा०१ ते आजोबा१२ अशी नावं दिली. मूव्ही मेकरमध्ये घेतले, कापले, जोडले. सीडीवर मावावी म्हणून फिल्म अगदी बारक्या आकाराच्या डब्ल्यूएमव्ही फाइलमध्ये काढली. तेव्हाच्या मॉनिटरवर ती बरी दिसायची. आता फोनवर पाहिली तर आजोबांना नाक आहे का अशी शंका येते.

एक एंटर

२००६ च्या मे महिन्यातली गोष्ट. मासिकाबरोबर लिनक्सची नवी डीव्हीडी आली होती. रात्री अकरा वाजता इन्स्टॉल करायला बसलो. पार्टिशनच्या पानावर न वाचता एंटर मारला. पुढच्या पानावर डिस्कचं जे चित्र दिसलं त्यात माझा मोठा विभाग नव्हताच. मी सरळ प्लग ओढला. आजवरच्या आयुष्यात मी वेळेवर केलेली बहुधा ही एकच गोष्ट.

पार्टिशनचा तक्ता म्हणजे किती? डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमधले ६४ बाइट. चार विभागांच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. एवढ्यावर ८० जीबीचा डोलारा. तेवढा कागद मी फाडला होता.

मित्राकडून नॉपिक्सची सीडी आणली, ज्यावरून हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू होतं. त्यात टेस्टडिस्क होतं. हा प्रोग्राम करतो काय? तो शेतावर जातो. सातबारा नाही ना, मग बांध शोधू. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला त्याच्या प्रकाराची ओळख सांगणारा एक सेक्टर असतो, आणि फॅट-३२ मध्ये त्याची एक नक्कल थोडी पुढे ठेवलेली असते. या खुणा शोधत तो डिस्क पायाखाली घालतो आणि मग म्हणतो, इथून इथपर्यंत एक विभाग होता असं दिसतंय, बघा बरोबर आहे का. 'पी' दाबलं की आतल्या फाइली दिसतात. मी दाबलं. आजोबा०१, आजोबा०२... बाराच्या बारा. मग एकदा 'राइट', म्हणजे नवा सातबारा, आणि मशीन पुन्हा सुरू. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही.

बांधही सापडले नाहीत तर त्याच गृहस्थाचं 'फोटोरेक' आहे. ते विभाग, फोल्डर, नावं काहीच बघत नाही. फाइलच्या सुरुवातीच्या बाइटवरून ओळखतं, की हा फोटो, हा व्हिडिओ, हे डॉक्युमेंट. शेताची हद्द माहीत नाही, पण पीक ओळखता येतं. फक्त नावं जातात आणि दहा हजार फाइलींतून आपली शोधत बसावं लागतं.

इथे एक सावधगिरी, आजच्या काळाची. हे सगळं फिरत्या चकतीच्या डिस्कचं शास्त्र आहे. आता लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल डिलीट केली की सिस्टिम तिला 'ट्रिम'चा निरोप देते, ही जागा आता लागत नाही म्हणून. मग ती मागच्या मागे खरोखर साफ होते. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. म्हणजे नाव कमी होताच नांगर हजर. परत मिळवण्याची गोळ्या-औषधं तिथे फारशी चालत नाहीत. दुसरी कॉपी हाच उपाय.

कोण टिकलं, कोण गेलं

मूव्ही मेकरचं काय झालं? २००९ मध्ये ते नव्याने लिहून 'लाइव्ह मूव्ही मेकर' झालं, जुन्यापेक्षा बरंच वेगळं. १० जानेवारी २०१७ ला तेही बंद केलं गेलं. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'क्लिपचँप' ही कंपनी विकत घेतली आणि ते विंडोज ११ बरोबर येऊ लागलं. यात कुणी फसवलं वगैरे नाही. फुकट दिलेली वस्तू परत घेतली, इतकंच. पण माझ्या फिल्मची जी प्रोजेक्ट फाइल होती, कुठे कापलं, कुठे जोडलं याची नोंद, ती त्याच प्रोग्रामला कळणाऱ्या भाषेत होती. प्रोग्राम गेला, भाषा गेली.

बिगर-मुक्त फुकट सॉफ्टवेअरची दुसरी तऱ्हा २०१७ च्या सप्टेंबरात दिसली. डिस्क साफ करणारं सीसीक्लीनर तेव्हा घराघरात होतं. त्याच्या कंपनीच्याच सर्व्हरवरून गेलेल्या एका व्हर्जनमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता आणि ते वीस लाखांहून जास्त मशीनवर चढलं. आणि मुक्त गोटातले सगळे संत होते असंही समजू नका. सोर्सफोर्ज म्हणजे एके काळचं मुक्त सॉफ्टवेअरचं गावच. २०१३ पासून तिथल्या काही इन्स्टॉलरबरोबर जाहिरातीचे नको ते प्रोग्राम गळ्यात पडू लागले. व्हीएलसी आणि गिंपसारखी मंडळी तिथून उठून गेली. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्यांनी तो प्रकार थांबवला. त्याच २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवर चार-पाच दिवस मॅकसाठीची विषारी फाइल बसलेली होती. म्हणजे कोड मुक्त असला तरी तो आणतो कुठून, हा प्रश्न उरतोच.

मग मुक्त असल्याचा उपयोग काय? तो एफएफएमपेगच्या भाऊबंदकीत दिसला. २०११ मध्ये तिथल्या लोकांचं आपसात इतकं बिनसलं की निम्मे जण 'लिबाव' नावाने वेगळे निघाले. डेबियनसारख्या मोठ्या लिनक्सने वेगळ्या झालेल्यांची बाजू घेतली, आणि २०१५ मध्ये पुन्हा मूळ घरी परत आलं. लिबाव हळूहळू थंडावलं. एखाद्या कंपनीत असं झालं असतं तर प्रॉडक्ट गेलं असतं. इथे भांडण झालं, वाटण्या झाल्या, पण कोड दोघांकडेही होता आणि वापरणाऱ्याचं काही अडलं नाही. एव्हरी लीने व्हर्च्युअलडबवरचं काम थांबवल्यावर दुसऱ्याने तेच उचलून व्हर्च्युअलडब-टू काढलं. बेलारही एफएफएमपेग सोडून कधीच दुसऱ्या कामाला लागला होता. माणसं बदलली, काम चालू राहिलं.

आज केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट यांपैकी काहीही उघडा, आत फाइल वाचणारा तोच एफएफएमपेग आहे. व्हीएलसीत आहे, क्रोम ब्राउझरमध्येही आहे. ज्याला मी हसलो असतो, त्याच्याच खांद्यावर सगळी पालखी.

पुन्हा माळा

तर ती डिस्क. जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीची. यूएसबीचा अडॅप्टर आणून लावली. फिरली, आणि मधूनच टक्-टक् करू लागली. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको.

या वेळी एंटर मारायची घाई केली नाही. मरणाऱ्या डिस्कवर फाइली उघडून बघायच्या नसतात. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची आणि पुढचं सगळं प्रतीवर करायचं. यासाठी 'ग्नू डीडीरेस्क्यू' आहे, २००४ पासूनचं. ते शहाण्या माणसासारखं काम करतं. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं वाचून घेतं, अडलं तिथे हुज्जत न घालता पुढे जातं, आणि शेवटी अडलेल्या जागांकडे परत येऊन थोडं थोडं खरवडतं. काय झालं, काय राहिलं याची वही ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. शनिवार दुपारपासून सोमवार पहाटेपर्यंत चाललं. बायको म्हणाली, "आयसीयूत असल्यासारखा बसलायस." काही सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत.

प्रतीतला विभाग उघडला. मूव्ही मेकरची प्रोजेक्ट फाइल होती, शाबूत आणि निरुपयोगी. जुनं एक्सपी कुठून पैदा करून उघडली असती, तर फार तर ती तीन मिनिटं कुठून कापली ते कळलं असतं. आजोबा०१ ते आजोबा१२ मात्र आजच्या केडेनलाइव्हने काही न विचारता उघडल्या.

वाचता न आलेल्या सेक्टरांचं काय? इथे नशिबाने हात दिला. हल्लीचे व्हिडिओ प्रकार, आणि तेव्हाचा डब्ल्यूएमव्हीही, मागच्या चित्रात काय बदललं एवढंच बहुतेक वेळा साठवतात. त्यामुळे एक जागा बिघडली की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत सगळं ओघळतं. डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतःच्या पायावर उभं. एक बिघडलं तर एकच बिघडतं, सेकंदाचा पंचविसावा भाग. आजोबा०७ मध्ये एका ठिकाणी त्यांच्या खांद्यावर क्षणभर चौकटी चमकतात आणि जातात. बस्स, तेवढंच. ज्या ३९ जीबींचा तेव्हा वैताग आला होता, त्या उधळपट्टीनेच त्यांना वाचवलं.

आतेबहिणीला मी मग जे लिहून पाठवलं ते असं. घरगुती कामाला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घे. त्यांच्या प्रोजेक्ट फाइली साध्या मजकुराच्या असतात, उद्या प्रोग्राम नसला तरी नोटपॅडमध्ये उघडून कुठे काय कापलं ते वाचता येईल. रंगांचं काम मनापासून करायचं असेल तर डाविंची रिझॉल्व्ह जरूर बघ. एके काळी स्टुडिओत लाखो रुपये मोजून घ्यायची ही गोष्ट, २०११ मध्ये ब्लॅकमॅजिकने तिची एक आवृत्ती फुकट केली. उत्तम आहे. पण ते फुकट आहे, मुक्त नाही, त्यामुळे काम झालं की पूर्ण फिल्म चांगल्या दर्जात बाहेर काढून ठेव आणि प्रोजेक्ट फाइलवर जीव लावू नकोस. काहीही उतरवायचं ते करणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून. डिस्क 'साफ' आणि 'वेगवान' करून देणारे प्रोग्राम घेऊच नकोस. आणि मूळ शूटिंग कधीही पुसू नकोस, कितीही लांबलेलं वाटलं तरी. दोन डिस्कवर ठेव, एक आपल्या घरी, एक दुसऱ्याच्या.

प्रोग्राम निवडताना आपण विचारतो, याने काय काय करता येतं? ते विचारावंच. पण त्याबरोबर हेही विचारावं, की हा प्रोग्राम उद्या नाहीसा झाला तर माझ्या हातात काय उरेल? वीस वर्षांच्या इतिहासाने मला शिकवलं ते एवढंच.

पंच्याहत्तरीला मी काही कापलं नाही. चाळीस मिनिटं तशीच लावली, थांबण्यासकट. आजोबा एका ठिकाणी म्हणतात की लेक ओंकारेश्वराच्या बाजूला सापडली, आणि मग बराच वेळ बोलतच नाहीत. पंख्याचा आवाज येत राहतो. हॉलमध्ये कुणी हललं नाही. आत्या मात्र पदराने डोळे पुसत जोरात म्हणाली, "ओंकारेश्वर नाही हो दादा, शनिवारात! मामांच्या वाड्यात होते मी!"

बासष्ट वर्षांनी वडिलांशी वाद घालायला मिळाला. असो. ते रेकॉर्डिंगही मी करून ठेवलंय. दोन डिस्कवर.